जुन्या फ्लॅक फाइल नव्या एन्कोडरने पुन्हा बनवायच्या का?

दंडारीचं रेकॉर्डिंग, आजीच्या तोंडची गोंडी गाणी, ताडोब्यातल्या पहाटेचे पक्षी. असं बरंच काही आज अनेकांच्या हार्ड डिस्कवर 'फ्लॅक' स्वरूपात पडून आहे. डिस्क भरत आली की कुणीतरी सांगतं, "एन्कोडरची नवी आवृत्ती आली आहे. जुन्या फाइल तिच्यातून पुन्हा काढ, जागा वाचेल, आवाज तोच राहील." हे खरं आहे का? किती जागा वाचते? आणि त्यात काही गमावण्याची भीती आहे का? समजून घेऊया.

थोडक्यात उत्तर

- फ्लॅकमधून फ्लॅकमध्ये पुन्हा एन्कोड केल्याने आवाजाचा दर्जा कमीही होत नाही आणि वाढतही नाही.
- जुनी फाइल आधीच चांगल्या सेटिंगवर बनवलेली असेल, तर वाचणारी जागा साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते.
- फाइल घाईच्या, कमी दाबाच्या सेटिंगवर बनलेली असेल, तर मात्र फायदा लक्षात येण्याजोगा असतो.
- धोका एन्कोडरमध्ये नसतो, तो हाताळणीत असतो. बिघडलेली फाइल न तपासता पुन्हा एन्कोड केली, तर तिचा बिघाड कायमचा लपून जातो.
- मूळ फाइल पुसण्याआधी तपासणी आणि दुसरी प्रत, या दोन गोष्टी हव्यातच.

हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीत का महत्त्वाचा?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. जिल्हे दोन झाले तरी जंगल सलग आहे आणि आवाजांचा खजिनाही सामायिक आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं. तिथून निघालेल्या मंडळ्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतल्या गावोगावी रात्रभर नाटकं करतात. त्यांच्या जोडीला दंडार आणि खडी गंमत आहेच. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा राज्याच्या बाकीच्या भागातही झाडीपट्टीचं नाव पुन्हा चर्चेत आलं.

दुसरीकडे गोंडी आणि माडिया. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी भाषक सुमारे २९.८ लाख नोंदले गेले. एवढ्या मोठ्या भाषेत छापील मजकूर मात्र थोडा. गाणी, कथा, देवाधर्माच्या आठवणी हे सगळं तोंडी चालत आलेलं. रेला गाणारी एखादी म्हातारी गेली की तिच्याबरोबर तिची गाण्याची पद्धतही जाते. मागे राहतं ते कुणीतरी कधीतरी केलेलं रेकॉर्डिंग.

तिसरा साठा जंगलाचा. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. आज त्या परिसरात आणि आसपासच्या जंगलात फिरणारे हौशी पक्षिनिरीक्षक कॅमेऱ्याबरोबर छोटा रेकॉर्डरही नेतात. पावसाळ्याच्या तोंडावर येणारा नवरंग पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

या तिन्ही साठ्यांचं एक वैशिष्ट्य आहे. गाण्याची सीडी हरवली तर दुसरी मिळते. ही रेकॉर्डिंग मात्र एकेकच असतात. म्हणून "जागा वाचेल" या एका वाक्यावर त्यांना हात लावण्याआधी आत काय होतं ते कळायला हवं.

लॉसलेस म्हणजे नेमकं काय?

आवाज डिजिटल होतो तेव्हा सेकंदाला हजारो वेळा त्याची उंची मोजली जाते. ४८ हजार वेळा मोजणी, प्रत्येक मोजणीला २४ बिट आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल धरले, तर एका मिनिटाला सुमारे १७.३ एमबी लागतात. म्हणजे तासाला एक जीबीहून थोडं जास्त. पाच तासांचं नाटक असेल तर ५ जीबीच्या वर. दाब न दिलेली अशी ही कच्ची फाइल म्हणजे 'वेव्ह'.

ती लहान करायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग एमपी-थ्रीचा. माणसाच्या कानाला फारसं जाणवणार नाही असा भाग काढून टाकायचा. फाइल एकदम लहान होते, पण काढलेलं परत येत नाही. हा 'लॉसी' प्रकार.

दुसरा मार्ग फ्लॅकचा. काहीही काढायचं नाही, फक्त तीच माहिती कमी शब्दांत लिहायची. उघडल्यावर प्रत्येक आकडा मूळ फाइलसारखाच मिळतो. हा 'लॉसलेस' प्रकार.

धानाच्या पट्ट्यातल्या वाचकांना हा फरक पटकन कळेल. धानाचं पोतं हलवून, ठोकून भरलं तर तेच धान कमी जागेत बसतं. दाणा एकही कमी होत नाही. हे झालं फ्लॅक. एमपी-थ्री म्हणजे धान गिरणीत नेऊन भरडणं. पोतं हलकं होतं, पण कोंडा गेला तो गेला. पुन्हा एन्कोड करणं म्हणजे भरलेलं पोतं रिकामं करून जास्त मन लावून पुन्हा भरणं. दाणे तेच राहतात. फक्त रिकामं करताना सांडायला नकोत.

एन्कोडर आत काय करतो?

फ्लॅकचा एन्कोडर आवाजाचे छोटे तुकडे करतो. नेहमीच्या सेटिंगवर एका तुकड्यात ४,०९६ मोजण्या असतात. ४८ हजारांच्या हिशेबाने हा सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही लहान तुकडा झाला. मग तो तुकड्यागणिक अंदाज बांधतो: मागचे आकडे असे असतील, तर पुढचा काय असेल? अंदाज आणि खरा आकडा यांतला फरक तेवढा लिहून ठेवतो. अंदाज चांगला असेल तर फरक लहान येतो, आणि लहान आकडा लिहायला कमी बिट लागतात.

म्हणूनच सगळे आवाज सारखे दाबले जात नाहीत. एकट्या बासरीचा स्वर किंवा मधेमधे थांबत बोलणारा माणूस यांचा अंदाज सोपा असतो. पत्र्यावर पडणारा मुसळधार पाऊस किंवा ओढ्याचा खळाळ यांचा अंदाज बांधणं जवळपास अशक्य असतं. त्यामुळे पावसातलं रेकॉर्डिंग फ्लॅकमध्येही जाडजूड राहतं. त्यात एन्कोडरचा दोष नसतो.

फ्लॅकला शून्य ते आठ अशा पातळ्या असतात आणि न सांगता पाच वापरली जाते. पातळी वाढवली की एन्कोडर जास्त प्रकारचे अंदाज करून बघतो आणि त्यातला सर्वांत कमी जागेचा निवडतो. वेळ जास्त लागतो, फाइल थोडी लहान होते. आठ म्हणजे "जास्त चांगला आवाज" नाही. शून्य आणि आठ या दोन्ही पातळ्यांवरच्या फाइल उघडल्यावर आवाज अगदी तोच मिळतो.

मग नव्या आवृत्तीत काय बदललं?

फ्लॅक जॉश कोलसन यांनी तयार केलं. त्याची १.० ही आवृत्ती २० जुलै २००१ रोजी आली. २००३ मध्ये ते झिफ या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली गेलं. पुढचे काही टप्पे असे:

- १.२.१ (२००७): यानंतर बराच काळ काहीच नवं आलं नाही. म्हणून जुन्या संग्रहांत या आवृत्तीने बनवलेल्या फाइल फार आढळतात.
- १.३.० (२०१३): सुमारे सहा वर्षांनी आलेली आवृत्ती. २०१४ च्या १.३.१ मध्ये वरच्या पातळ्यांवरची अंदाजाची पद्धत सुधारली.
- १.४.० (सप्टेंबर २०२२): अंदाजाचं गणित जास्त अचूक झालं, त्यामुळे तीन ते आठ या पातळ्यांवर फाइल किंचित लहान होऊ लागल्या. ३२ बिटच्या आवाजाची सोयही याच आवृत्तीत आली.
- १.५.० (फेब्रुवारी २०२५): एकाच फाइलवर प्रोसेसरचे अनेक भाग एकदम काम करू शकतात. ही सोय सांगून चालू करावी लागते. तिचा फायदा मुख्यतः वेगाचा.

यात एक गोष्ट बदललेली नाही: फाइलचं स्वरूप. २००१ मध्ये बनवलेली फ्लॅक फाइल आजचा प्लेअर वाजवतो, आणि आज नेहमीच्या सेटिंगवर बनवलेली फाइल कित्येक वर्षं जुना प्लेअरही वाजवतो. हे स्वरूप डिसेंबर २०२४ मध्ये 'आरएफसी ९६३९' या नावाने इंटरनेट मानक म्हणून अधिकृतपणे प्रसिद्धही झालं. थोडक्यात, एन्कोडर जुना झाला म्हणून फाइल जुनी होत नाही. "जुनी फाइल पुढे उघडणार नाही" या भीतीने पुन्हा एन्कोड करण्याची गरज नाही.

किती जागा वाचते? एक हिशेब

समजा तुमच्याकडे ५०० जीबी फ्लॅक फाइल आहेत. त्या जुन्या आवृत्तीने, पण पाच किंवा आठ पातळीवर बनवलेल्या आहेत. नव्या एन्कोडरने आठ पातळीवर पुन्हा बनवल्या आणि एक टक्का जागा वाचली असं धरू. वाचले ५ जीबी. म्हणजे फार तर एका लांब नाटकाची कच्ची फाइल मावेल एवढी जागा.

आजच्या साध्या लॅपटॉपवर तासाभराची फाइल आठ पातळीवर सहसा मिनिटाच्या आत एन्कोड होते, त्यामुळे यंत्राचा वेळ ही फार मोठी अडचण नाही. खरा वेळ जातो तो तपासणीत, प्रती काढण्यात आणि याद्या जुळवण्यात. पाच जीबीसाठी एवढा खटाटोप करायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं.

कोणत्या फाइलना खरंच फायदा होतो?

चार प्रकारच्या फाइल शोधून काढा. तिथे मेहनत वाया जात नाही.

*एक: शून्य किंवा एक पातळीवर बनवलेल्या फाइल.* रेकॉर्डिंग सुरू असतानाच फ्लॅक बनवणारी काही साधनं वेग राखण्यासाठी हलकी पातळी वापरतात. इथे काही टक्के सहज वाचतात.

*दोन: एकच आवाज दोन्ही चॅनेलमध्ये असलेल्या फाइल.* एका मायक्रोफोनचा आवाज रेकॉर्डरने जसाच्या तसा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना लिहिला असेल, तर वरच्या पातळीचा एन्कोडर "दोन्ही बाजू सारख्याच आहेत" हे ओळखून दुसरी बाजू जवळपास फुकटात लिहितो. शून्य पातळी ही तुलनाच करत नाही. अशी फाइल आठ पातळीवर नेली की जवळपास निम्मी होऊ शकते.

*तीन: आतली सही नसलेल्या फाइल.* प्रत्येक फ्लॅक फाइलच्या सुरुवातीला मूळ आवाजाचा 'एमडी-५' ठसा ठेवायची जागा असते. काही साधनं ती रिकामी सोडतात. पुन्हा एन्कोड केल्यावर हा ठसा भरला जातो आणि पुढे कधीही फाइल तपासता येते. जागा वाचली नाही तरी हा फायदा मोठा आहे.

*चार: अजून वेव्हमध्येच असलेल्या फाइल.* खरी बचत इथे आहे. वेव्हचं फ्लॅक केलं की फाइल बहुतेक वेळा मूळच्या ५० ते ७० टक्के होते. फ्लॅकमधून फ्लॅक करत बसण्याआधी वेव्हचे ढीग बघा.

धोका कुठे आहे?

*बिघडलेल्या फाइलवर नवी सही.* हा सगळ्यांत मोठा धोका आहे. जुन्या डिस्कवर पडून फाइलचा एखादा बिट बदलू शकतो. फ्लॅकमध्ये प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र पडताळणी असते, त्यामुळे एक बिट बिघडला तर साधारण एक तुकडाच, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी आवाज जातो, आणि तपासल्यावर बिघाड लगेच कळतो. पण काही कन्व्हर्टर असा तुकडा गाळून किंवा तिथे शांतता भरून मुकाट्याने पुढे जातात. मग नव्या फाइलवर नवा ठसा बसतो, आणि तो ठसा त्या बिघडलेल्या आवाजाचाच असतो! यानंतर कितीही तपासलं तरी "फाइल ठीक आहे" असंच उत्तर येणार. मूळ फाइल पुसली असेल, तर काय गेलं हे कळायचा मार्गच उरत नाही.

*फाइलसोबतची माहिती.* जंगलात लावून ठेवायचे ऑडिओमॉथसारखे छोटे रेकॉर्डर वेव्ह फाइलच्या आतच यंत्राचा क्रमांक, वेळ, बॅटरीची स्थिती अशी माहिती लिहितात. वेव्हमधून फ्लॅक करताना 'कीप फॉरेन मेटाडेटा' हा पर्याय निवडला नाही, तर ती नव्या फाइलमध्ये येत नाही. फाइलचं नावही जपा. त्यात तारीख आणि वेळ असते, आणि सेटिंग बदललेलं नसेल तर ती जागतिक वेळ असते. नावात ००३० दिसलं तर ते रात्रीचे साडेबारा नाहीत, आपल्याकडचे सकाळचे सहा आहेत. पहाटेचे पक्षी मध्यरात्रीच्या नावावर जमा करायचे नसतील, तर हे लक्षात ठेवा.

*फाइलची तारीख.* घरगुती रेकॉर्डिंगमध्ये कुणी तारीख बोलून ठेवत नाही. फाइल बनल्याची तारीख हाच बऱ्याचदा एकमेव पुरावा असतो. फ्लॅकचं अधिकृत साधन ती तारीख जपतं, पण इतर अनेक कन्व्हर्टर आजची तारीख टाकतात.

*वीज.* काम अर्ध्यावर असताना वीज गेली आणि डेस्कटॉप बंद पडला, तर अर्धवट फाइल उरते. तुम्ही जुन्या फाइलवरच नवी लिहीत असाल, तर तेवढ्यात दोन्ही जाऊ शकतात.

*जुन्या याद्या.* पुन्हा एन्कोड केल्यावर आवाज तोच राहतो, पण फाइल म्हणून ती वेगळी होते. पूर्वी कुणी फाइलच्या ठशांची यादी करून ठेवली असेल, तर ती जुळणार नाही. नवी यादी करा आणि जुनी फेकू नका.

करायचंच असेल तर अशा क्रमाने करा

१. आधी प्रत. सगळा साठा दुसऱ्या डिस्कवर उतरवा. ही प्रत शेवटपर्यंत पुसायची नाही.

२. जुन्या फाइल तपासा. फ्लॅकच्या अधिकृत साधनात 'टेस्ट' हा पर्याय आहे. विंडोजवर फूबार-२००० मध्ये फाइलची अखंडता तपासायची सोय जोडता येते. चूक दाखवणाऱ्या फाइल वेगळ्या काढा. त्यांची दुसरी चांगली प्रत आहे का ते बघा. त्या पुन्हा एन्कोड करू नका.

३. कोणत्या आवृत्तीने बनली ते बघा. एन्कोडरचं नाव आणि आवृत्ती फाइलच्या आतच लिहिलेली असते. 'मेटाफ्लॅक' हे सोबतचं साधन ती दाखवतं. १.४ किंवा पुढची दिसली, तर तिथे सहसा हात लावायचं कारण नाही.

४. दहा फाइलवर प्रयोग करा. नाटक, गाणं, जंगल असे वेगवेगळे नमुने घ्या आणि आकाराची तुलना करा. एक टक्काच वाचत असेल तर इथेच थांबायला हरकत नाही.

५. नवीन फोल्डरमध्ये बनवा. जुन्या फाइलवर लिहू नका. पातळी आठ ठेवा आणि 'व्हेरिफाय' चालू करा. या पर्यायामुळे एन्कोडर बनवलेली फाइल त्याच वेळी उलगडून मूळ आवाजाशी ताडून बघतो. 'लॅक्स' किंवा 'चुका आल्या तरी पुढे जा' अशा अर्थाचे पर्याय बंद ठेवा.

६. जुनं-नवं जुळवा. दोन्ही फाइलमधले एमडी-५ ठसे सारखे आले, तर आवाज बिट-न्-बिट सारखा आहे. ठसा आधीपासून नसेल, तर फूबारच्या 'बायनरी कम्पॅरेटर'ने दोन्ही फाइल थेट ताडता येतात.

७. टॅग बघा. गायकाचं नाव, गाव, तारीख, चित्र हे सगळं आलं का? अधिकृत साधन फ्लॅकमधून फ्लॅक करताना हे सोबत नेतं. तरी चार-दोन फाइल उघडून खात्री करा.

८. मगच जुनी जागा मोकळी करा. तीही आधी काढलेली प्रत शाबूत आहे हे बघून.

एमपी-थ्रीचं फ्लॅक केलं तर दर्जा वाढेल का?

नाही. गिरणीतून आलेल्या तांदळाचं पुन्हा धान होत नाही. फाइल कितीतरी पट मोठी होईल आणि आवाज तोच राहील. उलट नुकसान असं की, पुढे कुणालातरी ती अस्सल लॉसलेस वाटेल. एमपी-थ्री असेल तर एमपी-थ्री म्हणूनच जपा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं रेकॉर्डिंग चालेल का?

व्हॉइस नोट म्हणून रेकॉर्ड केलेला आवाज लॉसी पद्धतीने दाबला जातो. ऐकायला ठीक, जपायला नाही. फाइल पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तेव्हा ती जशीच्या तशी जाते, आणि २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाइल चालते. नाटकाची आख्खी फाइल त्यात मावणार नाही, पण एकेक अंक नक्की मावेल.

फ्लॅक ठेवू की वेव्ह?

ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे 'आयासा'च्या मार्गदर्शनात जुन्या टेप आणि तबकड्या डिजिटल करताना किमान ४८ हजार मोजण्या आणि २४ बिट सुचवले आहेत. जतनासाठी तिथे वेव्हचाच 'ब्रॉडकास्ट वेव्ह' हा प्रकार धरला आहे. घरगुती किंवा गावपातळीवरच्या साठ्याला मात्र फ्लॅकचे दोन फायदे आहेत. जागा कमी लागते, म्हणून त्याच पैशात एक प्रत जास्त ठेवता येते. आणि तपासणीचा ठसा फाइलच्या आतच असतो, जो साध्या वेव्हमध्ये नसतो.

जुना फोन फ्लॅक वाजवेल का?

अँड्रॉइडवर २०११ पासून आणि आयफोनवर २०१७ पासून फ्लॅक चालतं. विंडोज १० मध्येही ते थेट वाजतं. ३२ बिटच्या फाइल मात्र जुन्या प्लेअरला झेपत नाहीत. २४ बिट पुरेसे आहेत.

आवाज टिकतो तो कशाने?

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणासोबत १९१३ ते १९२९ या काळात देशातल्या अनेक भाषांचे आणि बोलींचे आवाज ग्रामोफोन तबकड्यांवर नोंदवले गेले. आज ते इंटरनेटवर ऐकता येतात. तबकडीपासून डिजिटल फाइलपर्यंत आवाज ठेवण्याची पद्धत पार बदलली, तरी ते आवाज टिकले. कारण तबकडीवर कोण बोलतंय, कोणती बोली आहे हे लिहिलेलं होतं, आणि वेळ येताच कुणीतरी काळजीपूर्वक पुढची प्रत काढली.

आपल्या डिस्कवरच्या आवाजांनाही हेच लागू आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी एकाच घरात, एकाच डिस्कवर असलेला साठा किती सुरक्षित? म्हणून तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. एक प्रत नागपूरला शिकणाऱ्या मुलाच्या खोलीत असली तरी चालेल. वर्षातून एकदा सगळ्या फाइल तपासा. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, गाव आणि काय आहे ते लिहा. कोण गातंय, कुठल्या प्रसंगी गातंय, हे सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

नव्या एन्कोडरने पुन्हा काढल्याने एक टक्का जागा वाचेल. सवड असेल, तर वरच्या क्रमाने जरूर करा. पण हातात एकच मोकळी संध्याकाळ असेल, तर ती आजीजवळ बसून त्या गाण्यातल्या बायकांची नावं लिहून घेण्यात घालवा. ते काम पुढे कुठल्याच आवृत्तीला करता येणार नाही.